शेजारच्या टेबलावरचा अबोला

"साहेब, पैशे कव्हा येतेन?"

खिडकीचे गज धरून ती बाई तिसऱ्यांदा विचारत होती. तिची सून बाळंत होऊन अडीच महिने झाले होते. जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागातल्या दारिद्र्यरेषेखालच्या, अनुसूचित जातीच्या किंवा जमातीच्या बाईला दवाखान्यात बाळंत झाल्यावर ७०० रुपये मिळतात. कागद सगळे दिले होते : माता-बाल संरक्षण कार्ड, आधार, पासबुकाची झेरॉक्स. झेरॉक्समध्ये खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा नीट उमटला नव्हता, म्हणून यादीतून तिच्या सुनेचं नाव परत आलं होतं. ते परतीचं पत्र माझ्या शेजारच्या टेबलाच्या खणात पडलेलं होतं. मला त्याचा पत्ता नव्हता. विचारलं असतं तर कळलं असतं, पण आमचं बोलणं बंद होतं.

"पुढच्या आठवड्यात बघा, मावशी," मी म्हणालो. गावाहून येण्याजाण्यात त्या सातशेतले किती रुपये एव्हाना गेले असतील, याचा हिशेब मी त्या दिवशी केला नाही. नंतर केला. त्याला आता बरीच वर्षं झाली, तरी ती खिडकी डोळ्यांसमोरून हलत नाही.

मी पाथरीचा. नोकरी मात्र मराठवाड्यातल्या दुसऱ्या एका सरकारी रुग्णालयाच्या कार्यालयात झाली. त्या गावाचं आणि माणसांचं नाव इथे घेत नाही. पण तालुक्याच्या दवाखान्याचं कार्यालय पाहिलेल्या कुणालाही ती खोली ओळखू येईल. ग्रामीण रुग्णालय साधारण ३० खाटांचं असतं. वैद्यकीय अधीक्षक स्वतः ओपीडी काढतात, वेळ आली तर शवविच्छेदनालाही उभे राहतात, आणि उरलेल्या वेळात कार्यालयाच्या सह्या करतात. कार्यालय म्हणजे बहुतेक ठिकाणी एकच खोली, तीन-चार टेबलं, भिंतीला लोखंडी कपाटं आणि पंख्याखाली उडू नयेत म्हणून पेपरवेटने दाबलेले कागद. त्या खोलीत एका माणसाशी बिनसलं तर उठून जायला दुसरी खोली नसते.

दवाखाना म्हटला की लोकांना डॉक्टर आठवतात, सिस्टर आठवतात. कार्यालय कुणाला आठवत नाही. पण रोग्याच्या हातात गोळी पडण्याआधी आणि पडल्यानंतरही कागद चालत असतो. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत झाले, तरी केसपेपर काढावाच लागतो. महामार्गावर अपघात झाला, फवारणी करताना कुणाला विष बाधलं, मारामारीत डोकं फुटलं, की एमएलसीची, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची, नोंद आली, आणि पुढे पोलिसांना आणि कोर्टाला लागणारं इजा प्रमाणपत्र आलं. जन्माची नोंद, औषधांची मागणी, रुग्णवाहिकेच्या डिझेलचं बिल, पेशंटच्या जेवणाच्या ठेकेदाराचं बिल, सगळ्यांचा पगार. यातला प्रत्येक कागद किमान दोन टेबलांवरून जातो. एक टेबल दुसऱ्याशी बोलेनासं झालं, तर कागद दोघांच्या मध्ये पडून राहतो.

पाथरीकराला दप्तराची ताकद नव्याने सांगायला नको. अहमदनगरच्या निजामशाहीचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते, असं फेरिश्ता हा इतिहासकार सांगतो. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला बुऱ्हाण निजामशहाने पूर्वजांचं गाव म्हणून पाथरी वऱ्हाडच्या इमादशहाकडे मागितली, त्याने दिली नाही, तेव्हा लढून घेतली. कुलकर्णी म्हणजे गावचं दप्तर सांभाळणारा : कुणाची जमीन किती, सारा किती, वाटणी कशी झाली, हे त्याच्या वहीत. वही त्याच्या घरात. त्याला विचारल्याशिवाय गावाचा व्यवहार हलत नसे. माझ्या शेजारचे वरिष्ठ लिपिक संध्याकाळी आवक-जावक रजिस्टर खणात घालून किल्ली खिशात टाकत, तेव्हा मला हटकून तेच आठवायचं. माहिती दाबून ठेवणं हा कार्यालयातला सगळ्यात जुना हट्ट आहे. त्याला शिवी द्यावी लागत नाही, आवाज चढवावा लागत नाही, आणि तक्रार करायला हातात काही सापडत नाही.

आमचं बिनसलं कसं, तेही सांगतो, कारण बहुतेक ठिकाणी ते असंच बिनसतं. मी नवीन रुजू झालो आणि कार्यालयीन आदेशाने त्यांच्या टेबलावरचं निम्मं काम माझ्याकडे आलं. चार्ज दिला तो तोंडी : "हे कपाट, ही रजिस्टरं, घ्या." यादी केली नाही. त्यांनी दिली नाही आणि मीही मागितली नाही. काही महिन्यांनी लेखापरीक्षण आलं. जडसंग्रह नोंदवहीत दोन सलाइन स्टँड आणि बाळाचा एक वजनकाटा दिसत होता. प्रत्यक्षात ते सापडेनात. ऑडिटचा पॅरा निघाला. अधीक्षकांसमोर मला विचारलं, तर मी म्हणालो, "मला चार्जमध्ये ते मिळालंच नाही." वाक्य खरं होतं. पण त्या माणसाने आपल्या नोकरीची वर्षं ज्या कपाटाशेजारी काढली होती, त्याच्यासमोर ते वाक्य उच्चारणं म्हणजे सगळ्यांदेखत त्यांच्यावर चोरीचा आळ घालणं होतं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलायचे बंद झाले. निरोप शिपाई मामांच्या तोंडून : "त्यांना सांगा, फाईल ठेवली आहे." मी चार फुटांवर बसलेला.

दुसऱ्याचं वागणं पाहिलं की आपण ते त्याच्या स्वभावाला चिकटवतो आणि स्वतःचं वागणं परिस्थितीला. मी उशिरा आलो तर एसटी चुकलेली असते. तो उशिरा आला तर तो कामचुकार असतो. दुसऱ्याचं वागणं असं त्याच्या स्वभावाला चिकटवण्याच्या सवयीवर मानसशास्त्रज्ञ ली रॉस याने १९७७ साली नेमकं बोट ठेवलं. माझ्या हिशेबात ते आडमुठे आणि खुनशी होते. त्यांच्या हिशेबात मी उद्धट आणि आगलावा होतो. कपाटाची यादी झाली नव्हती, हे दोघांच्याही हिशेबात नव्हतं.

आणि त्या खोलीतली परिस्थिती नुसती कपाटापुरती नसते. सरकारी दवाखान्याच्या कार्यालयात आज एकाच पंख्याखाली तीन-चार प्रकारची माणसं बसतात. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेला जुन्या पेन्शनचा माणूस. त्याच्यानंतर लागलेला, ज्याच्या पगारातून अंशदायी पेन्शनचे पैसे कापले जातात तो. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली डेटा ऑपरेटर किंवा लेखापाल, जिचा आदेश अकरा महिन्यांचा असतो आणि दरवर्षी नवा व्हावा लागतो. आणि एजन्सीकडून आलेला मुलगा, ज्याचा पगार कोणत्या तारखेला होईल हे कुणीच सांगू शकत नाही. काम जवळपास सारखं, म्हातारपणाची हमी मात्र प्रत्येकाची वेगळी. ऑक्टोबर २०२३ मध्ये आरोग्य अभियानाचे कंत्राटी कर्मचारी कायम करण्याच्या मागणीसाठी राज्यभर संपावर गेले, तेव्हा कायम लोकांच्या टेबलावर दुप्पट काम पडलं. त्याच वर्षी मार्चमध्ये जुन्या पेन्शनसाठी संप झाला होता. अशा खोलीत कुणी आपली एक्सेल फाईल दुसऱ्याला दाखवत नाही, तेव्हा ती फाईल हीच आपली नोकरी वाचवेल असं त्याला मनातून वाटत असतं. ते वाटणं चुकीचं असेल, पण त्याला स्वभावाचा दोष म्हणून मोकळं होता येत नाही.

अबोल्याने दवाखान्याचं नक्की काय बिघडतं, यावर इस्रायलमध्ये झालेला एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. अरिए रिस्किन आणि सहकाऱ्यांनी तो २०१५ साली प्रसिद्ध केला. नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागांतले डॉक्टर आणि नर्स यांची २४ पथकं घेतली आणि त्यांना एक बनावट प्रसंग दिला : अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं आतडं सडायला लागलं आहे, ओळखा आणि उपचार करा. परदेशी तज्ज्ञ तुमचं काम बघणार आहेत, असं सगळ्यांना सांगितलं होतं. काही पथकांना त्या तज्ज्ञाने साधं बोलून सुरुवात करून दिली. काहींना मात्र तो किंचित टोचून बोलला. तेही त्यांच्या कामाबद्दल काही नव्हतं, नुसतं इथल्या वैद्यकीय दर्जाबद्दल तुच्छतेचं एखाद-दुसरं वाक्य. नंतर चित्रफिती पाहून परीक्षकांनी गुण दिले. कुणाला टोमणा बसला हे परीक्षकांना ठाऊक नव्हतं. टोमणा बसलेल्या पथकांचं निदानही कच्चं निघालं आणि हातचं कामही.

का, ते पुढे निघालं. टोमणा ऐकल्यावर माणसं एकमेकांना माहिती कमी देऊ लागली आणि एकमेकांकडे मदत कमी मागू लागली. ज्ञान होतं तेवढंच होतं. ते एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जायचं थांबलं. ते वाचलं तेव्हा मला खणातलं पत्र आठवलं. आतडं सडलेल्या बाळापुढे ७०० रुपये काहीच नव्हेत, हे मान्य. पण आमच्या खोलीत बिघडलं होतं ते हेच.

अॅमी एडमंडसन या अमेरिकी संशोधिकेला १९९० च्या दशकात याची दुसरी बाजू दिसली. रुग्णालयांच्या वॉर्डांत औषध देण्यातल्या चुका ती मोजत होती. जिथे माणसांचं आपसात चांगलं, तिथे चुका कमी असणार असा तिचा कयास होता. आकडे उलटे आले : चांगल्या वॉर्डांत नोंदलेल्या चुका जास्त. शोध घेतल्यावर उलगडलं की तिथे चुका बोलून दाखवल्या जात होत्या आणि धाकाच्या वॉर्डांत त्या झाकल्या जात होत्या. आमच्या अधीक्षकांच्या दृष्टीने आमचं कार्यालय शांत होतं. कुणी भांडत नव्हतं, कुणी कुणाची चूक काढत नव्हतं. परत आलेल्या नावांचं पाकीट मात्र खणात फुगत होतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण 'समजून घ्या' हा सल्ला चुकीच्या माणसाला दिला तर त्याच्यावर अन्याय होतो. तुसडा शेजारी आणि छळ करणारा माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वीडनमध्ये काम करणाऱ्या हाइन्झ लेमान याने १९८० च्या दशकात कामाच्या ठिकाणच्या छळाचा अभ्यास केला. त्याची कसोटी सोपी आहे : एकाच माणसाला लक्ष्य करून, आठवड्यातून किमान एकदा, किमान सहा महिने चाललेला त्रास. कुणाचंही डोकं एखाद्या दिवशी फिरतं. नेम धरून रोज तोच माणूस निवडला जातो तेव्हा प्रकार वेगळा असतो. त्यात जातीवरून बोलणं आलं तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधाचा १९८९ चा कायदा आहे. बाईला अश्लील बोलणं, सूचक मेसेज, नको असलेला स्पर्श यांसाठी २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती असावीच लागते, त्याहून लहान ठिकाणी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, आणि तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत लेखी करायची असते. अशा वेळी सांभाळून घ्यायला सांगणारे वरिष्ठ त्रासाचेच भागीदार होतात, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि रात्री झोप उडाली असेल, सकाळी दवाखान्याचं गेट दिसताच छातीत धडधडत असेल, तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं. दवाखान्यात काम करणाऱ्यांनीही तो वापरायला संकोच करू नये.

माझ्या शेजारच्यांनी माझा छळ केला नाही. ते रुसले होते, आणि मीही. अशा वेळी पहिला विचार बदलीचा येतो. राज्याचा बदल्यांचा २००५ चा कायदा सांगतो की साधारण कार्यकाल तीन वर्षांचा. मंत्रालयाबाहेरच्या गट क कर्मचाऱ्याला एका कार्यालयात असे दोन कार्यकाल काढता येतात. म्हणजे शेजारचं टेबल सहा वर्षं तेच राहू शकतं. मध्येच कुणा पुढाऱ्याची चिठ्ठी आणून त्याला किंवा स्वतःला हलवायचं, तर १९७९ च्या वर्तणूक नियमांनुसार वरिष्ठांवर राजकीय दबाव आणणं हाच गैरवर्तनाचा प्रकार आहे. त्या वाटेने गेलेल्यांचं नाव पुढच्या कार्यालयात आधी पोचतं आणि माणूस नंतर.

बदल्यांच्या त्याच कायद्याच्या नावात आणि पोटात एक दुसरी गोष्ट आहे, ती लोक विसरतात : विलंबाला प्रतिबंध. कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असं त्यात म्हटलं आहे, आणि तातडीच्या फायलींना त्याहून कमी मुदत आहे. आमच्या जुन्या मोठ्या बाबूंनी, म्हणजे सहायक अधीक्षकांनी, मला एक साधी गोष्ट शिकवली : भांडण माणसाचं लिहू नका, कागदाचं लिहा. "अमुक मला माहिती देत नाहीत" असं लिहिलं की ती चहाडी होते. "अमुक क्रमांकाचं पत्र अमुक तारखेला आवक झालं, पुढील कार्यवाहीसाठी आवश्यक आहे" असं टिपणीवर लिहिलं की ते काम होतं. पहिल्या वाक्याला उत्तर म्हणून दुसरा माणूस स्वतःचा बचाव करतो. दुसऱ्याला उत्तर म्हणून त्याला कपाट उघडावं लागतं. टिपणीत 'तुम्ही' हा शब्द जितका कमी, तितकं काम लवकर होतं, हे मी पुढे अनेक वेळा पाहिलं. पण खरं सांगायचं तर नुसत्या टिपण्यांनी आमचा अबोला सुटला नाही. कागद हलू लागले, माणसं जागच्या जागी.

अबोला सुटला तो कचऱ्यामुळे.

दवाखान्यांच्या स्वच्छतेसाठी केंद्र सरकारने २०१५ साली कायाकल्प ही पुरस्कार योजना सुरू केली. तपासणी पथक येतं आणि शंभर गोष्टी बघतं. त्यात जैववैद्यकीय कचऱ्याचे रोजचे आकडे असतात. २०१६ च्या नियमांप्रमाणे कचरा पिवळा, लाल, पांढरा, निळा असा वेगळा करून, वजन करून, नोंदवून ठेकेदाराच्या गाडीत द्यायचा. वजनाचं रजिस्टर माझ्याकडे. ठेकेदाराची बिलं त्यांच्याकडे. तपासणी आठ दिवसांवर आली आणि अधीक्षकांनी दोन्ही एकत्र मागितली. किलोंचा आकडा जुळेना. कुणा एकाला दोन्ही कागद देऊन भागणारं नव्हतं : माझं अक्षर त्यांना लागत नव्हतं आणि त्यांच्या बिलांचा क्रम मला कळत नव्हता.

मुझफ्फर शेरीफने १९५४ साली अमेरिकेत ओक्लाहोमातल्या एका शिबिरात ११-१२ वर्षांच्या मुलांचे दोन गट केले होते, ते मला पुढे वाचायला मिळालं. स्पर्धा लावल्यावर ते एकमेकांचे वैरी झाले. मग त्यांना एकत्र जेवायला बसवलं, सिनेमा दाखवला. उपयोग झाला नाही, जेवताना अन्नच एकमेकांवर फेकलं. पाणीपुरवठा बिघडला आणि दोघांनी मिळून शोधल्याशिवाय पाणी येईना, अडलेली गाडी दोघांनी मिळून दोराने ओढल्याशिवाय हलेना, तेव्हा वैर हळूहळू उतरलं. कार्यालयात लोक वाढदिवसाचा केक कापतात, हुरडा पार्टीला नेतात आणि आता सगळे एक झाले असं समजतात. मला त्याचा फारसा भरवसा नाही. ज्या कामात दोघांचीही गरज आहे असं काम समोर यावं लागतं, आणि वरिष्ठाला ते मुद्दाम वाटून देता येतं.

कचऱ्याचे आकडे जुळवायला बसलो त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी सात वाजता, सगळे गेल्यावर, मान वर न करता ते म्हणाले, "तेरा तारखेचे लाल पिशवीचे किलो किती धरलेत?"

आठ महिन्यांतलं पहिलं वाक्य. मी म्हणालो, "चार, सहाशे ग्रॅम." ते म्हणाले, "बिलात सहा, चारशे आहे. तुम्ही आकडे उलटे लिहिले." मी रजिस्टर त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. चूक माझीच होती. आम्ही तीन संध्याकाळी तसे बसलो. चहा मामा आणून ठेवायचे आणि तो निवून जायचा. तिसऱ्या दिवशी आकडे जुळले आणि त्यांनी खणातून पाकीट काढून माझ्याकडे सरकवलं : जननी सुरक्षाची परत आलेली अकरा नावं. "हे तुमच्याकडचं आहे," एवढंच म्हणाले. मी अकरा घरी आशाताईंमार्फत निरोप धाडले आणि पासबुकाच्या नव्या झेरॉक्स मागवल्या. ती बाई परत खिडकीशी आली नाही. तिच्या सुनेच्या खात्यात पैसे जमा झाल्याचं बँकेच्या यादीत दिसलं.

आमची दोस्ती झाली नाही. त्यांचा आवाज तुटक तो तुटकच राहिला, आणि मी त्यांच्या मुलीच्या लग्नाला गेलो तेव्हाही त्यांनी जेवून जा एवढंच सांगितलं. फरक पडला तो इतकाच, की पुढे मला काही अडलं की मी विचारायचो आणि ते सांगायचे. त्यांना संगणकावर सेवार्थमध्ये पगारबिल टाकताना अडलं की ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचे.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. चार्ज मलाच घ्यायचा होता. शेवटच्या आठवड्यात ते रोज अर्धा तास लवकर येत होते. का, ते मला शेवटच्या दिवशी कळलं. त्यांनी चौदा पानांची यादी हाताने लिहून काढली होती, रेघा आखून. कपाट क्रमांक, कप्पा, रजिस्टर, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत. कपाट क्रमांक तीनसमोर शेरा होता : 'कुलूप उलटे फिरते'. प्रत्येक पानाखाली देणाऱ्याची सही होती आणि घेणाऱ्यासाठी जागा सोडली होती. मी एकेक पान वाचून सही करत गेलो, ते समोर बसून राहिले. चौदाव्या पानावर, सगळ्यात खाली, जडसंग्रहाच्या नोंदी होत्या. सलाइन स्टँड, दोन, प्रसूती कक्ष. बाळाचा वजनकाटा, एक, जुन्या शवविच्छेदन गृहाच्या माळ्यावर, डाव्या कोपऱ्यात, गोणपाटात.